जहाजाचं पोट

कुवेतमधल्या फिंतासच्या त्या शाळेत मला पंधरा दिवसांच्या कामासाठी पाठवलं होतं, आणि ते काम साडेतीन महिने चाललं. मी सुतार. आमची कंपनी दरवाजे, स्वयंपाकघराची कपाटं आणि इथल्या लोकांच्या दिवाणियातल्या, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीच्या खोलीतल्या, भिंतींचं लाकूडकाम करते. शाळेचं काम आम्हाला नवीनच होतं. एका लांबलचक कॉरिडॉरची भिंत लाकडात सजवून द्यायची होती, प्रदर्शनासाठी. विषय ऐकला तेव्हा आमच्या फोरमनना हसू आलं. "अमेरिकेतली पहिली माणसं," त्यांनी कागद वाचून सांगितलं. "म्हणजे गोरे लोक जायच्या आधीची. तू जा. तुझा हात बारीक कामाला चांगला आहे."

फोरमन रत्नागिरीकडचे मुसलमान, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचे वडील गलबतावर तांडेल होते. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी खालचा, सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावचा. अब्बासियात एका खोलीत पाच जण राहायचो आणि पहाटे कंपनीच्या बसने निघायचो.

शाळेत ज्या बाई हे काम करून घेणार होत्या त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी सरळ कोकणीत विचारलं, "तुमी गोंयच्यो?" त्यांनी मान हलवली आणि हसल्या. त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. आमच्या गावच्या बायांसारखाच वर्ण, तसेच काळे सरळ केस, गालाची हाडं जरा वर. त्या ब्राझीलच्या निघाल्या. शाळेत इतिहास शिकवायच्या. वय माझ्याएवढंच, पंचेचाळीसच्या आसपास. मी त्यांना मॅडमच म्हणत राहिलो. माझं इंग्रजी फळ्या मोजण्यापुरतं, आणि त्यांचंही इंग्रजी परक्याच भाषेतून आलेलं, त्यामुळे त्या सावकाश बोलायच्या आणि मला सगळं समजायचं. इथे मी त्यांचं बोलणं माझ्या भाषेत लिहितोय.

पहिल्या दिवशी त्यांनी खडू घेतला आणि कॉरिडॉरच्या दारापासून शेवटच्या खिडकीपर्यंत चालत चालत भिंतीवर एक रेघ ओढली. दाराजवळ बर्फ. मग उघडं गवताळ रान, मग डोंगर, मग दाट जंगल, आणि खिडकीपाशी किनारा. खिडकीतून खरा समुद्र दिसायचा, दोन इमारतींच्या मधून, हाताच्या पंजाएवढा.

"मला साठ माणसं हवीत," त्या म्हणाल्या. "या रेघेवरून चालणारी. बाया, पुरुष, म्हातारी, कडेवर मुलं. चेहरे नकोत. चेहरे कुणालाच माहीत नाहीत."

मी प्लायमधून माणसं कापायला लागलो. एकाच्या खांद्यावर भाला, एकीच्या पाठीवर बोचकं, एक म्हातारा काठी टेकत. दहा-बारा झाली तेव्हा मी विचारलं, "मॅडम, ही निघालीत कुठे?"

"त्यांनाही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तेव्हा समुद्र खूप खाली होता. पाणी सगळं बर्फात अडकलेलं. आशियाच्या टोकापासून पलीकडे जमीनच होती. जनावरांमागे चालत गेली असतील. काही जाणकार म्हणतात, होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने गेली. कदाचित दोन्ही. पण आज आपण नव्या देशात पाय ठेवला, असं त्यांच्यातल्या कुणालाही वाटलं नसेल. काल होतो त्याच्या थोडं पुढे आलो, एवढंच."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"हाडांवरून. दगडाच्या हत्यारांवरून. राखेवरून." मग म्हणाल्या, "माझी आजी मात्र हे मानायची नाही. तिचे लोक ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे, अगदी जुने. ती म्हणायची, आम्ही कुठून चालत आलो नाही. आम्ही इथल्याच मातीतून वर आलो."

"मग भिंतीवर काय दाखवायचं?"

त्या हसल्या. "तुम्ही काय दाखवाल?"

मी विचार करून किनाऱ्याजवळच्या भागात एक मोठं झाड केलं आणि त्याच्या मुळांतून पाच माणसं वर येताना दाखवली, कुणी कमरेपर्यंत, कुणी खांद्यापर्यंत जमिनीत. मॅडमनी ते पाहिलं आणि माझ्याशी हात मिळवला.

तो डिसेंबर होता. कुवेतमध्ये त्या दिवसांत सकाळी दाट धुकं पडतं. बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून अर्धा झोपेत असायचो. बाहेर रस्त्याच्या कडेने कामगार चालत जायचे, एकामागे एक, डोक्याला रुमाल बांधलेले, हातात डबे. धुक्यात त्यांचे चेहरे दिसायचे नाहीत. मला वाटायचं, ही माझीच माणसं, काल कापलेली, रात्रीतून भिंतीवरून उतरून इथे आली. पुढचा मागच्याला हाक मारतोय, मागचा म्हणतोय येतो, येतो. कधी मी स्वतःच त्या रांगेत असायचो. पायाखाली बर्फ करकरायचा, आणि माझ्या पुढे चाललेल्या बाईच्या पाठीवरच्या बोचक्यातून एक लहान मूल माझ्याकडे टक लावून बघायचं. बस गचका देऊन थांबली की मी जागा व्हायचो आणि फिंतास आलेलं असायचं. दिवसभर ते मूल मनात असायचं. शेवटी मी ते कापलंच, आईच्या पाठीवरून मागे बघणारं.

साठ माणसं झाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आता जहाज."

खिडकीपाशी, किनाऱ्यासमोर, एक जहाज हवं होतं. युरोपातून आलेलं. त्यांनी मला चित्र दाखवलं. पुढच्या टोकाची उंच नाळ, फुगीर पोट, चौकोनी शिडं. "दीड हात लांब पुरे," त्या म्हणाल्या.

माझे वडील होड्या बांधायचे, आणि त्यांचे वडीलही. आमच्या अंगणात कायम एक सांगाडा उभा असायचा आणि आम्ही पोरं त्याच्या फासळ्यांतून लपाछपी खेळायचो. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडी होडी कुणी सांगेना. मी दारं-खिडक्या शिकलो आणि इकडे आलो. माझ्या हाताने होडी म्हणून काही बनवल्याला वीस वर्षं उलटून गेली होती. त्या चित्राकडे बघताना माझ्या बोटांना काहीतरी व्हायला लागलं.

एका दिवाणियाच्या कामातून सागाच्या पट्ट्या उरल्या होत्या. चाचांना सांगून मी त्या आणवल्या. जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरमध्येच बसून जहाजाचा तळाचा कणा घातला, आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. वडील ऐंशीच्या पुढचे. गेली काही वर्षं ते फोनवर "बरो आसंय" याच्यापलीकडे बोलायचे नाहीत. मी कॅमेरा कण्यावर धरला.

"ह्या काय बांधतंस?" ते म्हणाले. "थय खाडी आसा?"

"खाडी नाय बाबा, शाळेत आसंय. जुन्या काळचा जहाज. फिरंग्यांचा."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "नाळ उंच घे अजून. ह्या मोठ्या दर्यातला आसा."

त्या दिवसापासून रोज दुपारी कॉल. ते खुर्ची ओढून बसायचे आणि तिथून सांगायचे. ही फासळी जरा वाकव. पाण्याने भिजव, मग दिव्याच्या धगीवर धर. फळीला फळी अशी लाव की नख जाता नये. आई मागून म्हणायची, "आज वेळेत जेवले." दीड हाताचं जहाज तीन हातांचं झालं. शिडांना मी पांढऱ्या सुती कापडाचे तुकडे लावले, दोर वळले, सुकाणू हलतं केलं. चाचा आले, त्यांनी नाळेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सुभानल्ला. बाप असता तर यात बसून निघाला असता."

मॅडम चार दिवस सुट्टीवर होत्या. परत आल्या तेव्हा जहाज तयार होतं. त्या त्याच्याभोवती एकदा फिरल्या, मग खाली बसून बघितलं.

"हे फार सुंदर झालंय," त्या म्हणाल्या.

मी वाट बघत उभा राहिलो, कारण त्यांचा आवाज आनंदाचा नव्हता.

"मुलं दारातून आत येतील आणि धावत याच्याकडे जातील. ही साठ माणसं कुणी बघणार नाही. आमच्या गोष्टीत नेहमी हेच होतं. जहाज येतं, आणि गोष्ट जहाजाची होते." त्या उठल्या. "तुम्ही याची एक बाजू कापाल का? पोट उघडं करा. आत काय भरून आणलं होतं ते दिसू दे."

"जहाज कापत नाहीत, मॅडम," मी म्हणालो. "आमच्यात जुनी झालेली होडीसुद्धा खाडीच्या काठावर तशीच ठेवतात. आपोआप कुजते. कुणी करवत लावत नाही."

"मला माहीत नव्हतं."

"दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मी नाही करणार."

त्या "ठीक आहे" म्हणाल्या आणि गेल्या. मी जहाजावर चादर टाकली आणि जंगलाच्या भागातली पानं कापत बसलो. पुढचे काही दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. स्क्रू हवेत, रंग आला, एवढंच. दुपारी वडिलांचा फोन यायचा तर मी सांगायचो, आज काम जास्त आहे. मला राग आला होता, आणि त्यापेक्षा जास्त लाज वाटत होती, कारण त्या जे बोलल्या ते खोटं आहे असं मला म्हणता येत नव्हतं. मी स्वतः गेले तीन आठवडे त्या साठ माणसांकडे वळून पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात खोलीतला एक जण सुट्टीवरून परतला. त्याच्याबरोबर घरून पार्सल आलं होतं. कुळीथ, आमसुलं, आणि आमच्या बागेतले काजूगर, सालीसकट भाजलेले. मी थोडे पिशवीत घालून कामावर नेले. चहाच्या वेळी मॅडम मापं बघायला आल्या. न बोलता उभं राहणं मला जमेना, म्हणून मी पिशवी पुढे केली.

त्यांनी एक उचलला. "तुमच्या गावचे?"

"हो. आमची झाडं आहेत."

"तुम्ही याला काय म्हणता?"

"काजू."

त्यांचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. "परत म्हणा."

"काजू."

त्या मागच्या खोक्यावर बसल्या. खोक्यावर लाकडाचा भुसा होता, तोही त्यांनी झटकला नाही. "हा शब्द आमचा आहे," त्या म्हणाल्या. "पोर्तुगीजांचा नाही. त्यांनी तो आमच्याकडून घेतला. माझ्या आजीच्या लोकांची भाषा संपली. बोलणारं कुणी उरलं नाही. आजीला स्वतःला पाचपन्नास शब्द यायचे, झाडांची, माशांची, पक्ष्यांची नावं. त्यातला हा एक. तिच्या लहानपणी म्हातारी माणसं सांगायची म्हणे, पूर्वी वय काजूने मोजायचे. झाडाला एकदा फळ धरलं की एक वर्ष. दर वर्षी एक बी मडक्यात टाकायचे."

मला हे पटलं नाही. आमच्याकडे काजू पूर्वापार आहे असंच आम्ही समजतो. मी तसं म्हणालोही. तेवढ्यात चाचा आले होते, ते मागून म्हणाले, "नाही रे. बाई बरोबर सांगतात. फिरंग्यांनी आणला. आमचा आजा सांगायचा. अननसही त्यांनीच आणला."

"अननस?" मॅडमनी मान वर केली. "तोही शब्द आमचाच."

चाचा मोठ्याने हसले. मॅडमही हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी काय करावं ते न कळून त्यांच्या ओंजळीत आणखी काजू ओतले.

मग त्यांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. पोर्तुगीजांची जहाजं पहिल्यांदा त्यांच्या किनाऱ्याला लागली तेव्हा ती खरं तर हिंदुस्थानला निघाली होती. थोडे दिवस थांबली, पाणी आणि लाकूड भरून घेतलं. जहाजावरच्या एकाने तिथे जे पाहिलं ते आपल्या राजाला पत्रात लिहून कळवलं, म्हणून आज ते माहीत आहे. किनाऱ्यावरची माणसं घाबरली नाहीत. टोप्या घेतल्या, पिसांचे मुकुट दिले, वाळूत एकत्र नाचली. पाण्याची पिंपं उचलायला मदत केली. जहाजावर दोन सुतार होते. त्यांनी झाड तोडून एक मोठा क्रूस बनवायला घेतला. ते बघायला माणसांची ही गर्दी जमली.

"क्रूस बघायला?" मी विचारलं.

"नाही. कुऱ्हाड बघायला. त्यांनी लोखंड कधी पाहिलंच नव्हतं. ते काठीला दगड बांधून झाडं तोडायचे."

"आणि मग?" चाचांनी विचारलं.

"मग जहाजं निघाली. शिक्षा झालेले दोन कैदी त्यांनी किनाऱ्यावर सोडून दिले, भाषा शिकायला. असं म्हणतात की जहाजं दिसेनाशी झाली तशी ते दोघे ढसाढसा रडायला लागले. आणि आमच्या माणसांनी त्यांना जवळ घेऊन समजावलं."

अब्बासियात नव्याने आलेला माणूस पहिल्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून झोपतो ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"आणि ती जहाजं?" मी विचारलं.

"तुमच्याकडे आली," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या किनाऱ्याला. नंतर आमच्याकडे पुन्हा आली, खूप आली. लाल लाकूड नेलं, माणसं धरून राबवली. आणि त्यांच्याबरोबर जे आजार आले ते आमच्या लोकांच्या अंगाला ठाऊकच नव्हते. गावंच्या गावं गेली. जहाजाच्या पोटात जे दिसत नव्हतं तेच जास्त होतं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी समुद्रावर गेलो. लाटा अडवायला टाकलेल्या धोंड्यांमध्ये एक कठीण काळा दगड मिळाला, धार असलेला. शाळेच्या मागे नगरपालिकेने कापलेल्या एका झाडाचा ओंडका पडला होता. मी एका फांदीला तो दगड सुतळीने घट्ट बांधला आणि ओंडक्यावर घाव घालायला लागलो. पंचवीस वर्षं हत्यार धरलेल्या माझ्या हाताला अर्ध्या तासात फोड आले. दगड दोनदा सुटला, दोनदा बांधला. तासाभरात ओंडक्यात अर्धी वाटी भरेल एवढा खळगा पडला.

चाचा येऊन बघत उभे राहिले. "अरे वेड्या, गाडीत करवत आहे ना!"

मी पिशवीतून माझा वाकस, लाकूड तासायचं लोखंडी हत्यार, काढला आणि बाजूलाच घाव घातले. तीन घावांत तेवढाच खळगा. वाकस वडिलांचा होता, दांडा मी बदललेला. मी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. उन्हात त्याचं पातं चमकत होतं. मला ती किनाऱ्यावरची गर्दी दिसत होती, अंगाला लाल-काळा रंग लावलेली माणसं, एकमेकांच्या खांद्यावरून माना उंचावून बघणारी. मी त्यांच्यात उभा होतो आणि तिकडे दोन सुतार पाठमोरे काम करत होते. त्यांच्यापैकी एक जरी वळला असता तर तो माझ्यासारखाच दिसला असता असं मला वाटलं. घामाने भिजलेला, घरापासून दूर, आपलं काम नीट व्हावं एवढंच बघणारा.

त्या दुपारी मी वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. काजूचं, आजाराचं, पोट कापायचं. मला वाटलं लाइन गेली.

"बाबा?"

"आयकतंय," ते म्हणाले. "पयलो नारळ दी तिका. मगे काप. आनी कुशीक काप. कणो तोडू नको."

दुसऱ्या दिवशी मी अब्बासियातल्या केरळी दुकानातून नारळ नेला. मॅडमना कॉरिडॉरमध्ये बोलावून जहाजावरची चादर काढली. चाचा म्हणाले, मी बाजूला उभा राहतो, आणि टोपी सारखी करून खरंच उभे राहिले. मॅडमनी विचारलं, "मी काय करू?" मी म्हटलं, "हात जोडा." नारळ फोडून पाणी नाळेवर शिंपडलं. मग बारीक दातांची करवत घेऊन मी डाव्या कुशीत चालवली. साग कापताना एक वास येतो, तो आमच्या अंगणाचा वास. मी जे महिनाभर नखही जाणार नाही असं जोडलं होतं ते तासाभरात उघडं झालं. फळ्या निघाल्यावर आतल्या फासळ्या दिसायला लागल्या, आणि खरं सांगायचं तर जहाज मला आधीपेक्षा खरं वाटलं.

पोटाच्या तोंडाशी मी छोट्या कुऱ्हाडी ठेवल्या, पिंपं, मण्यांच्या माळा, लाल टोप्या. मागचा सगळा भाग काळा रंगवला आणि रिकामा ठेवला. मॅडमनी त्यात काही ठेवू दिलं नाही.

प्रदर्शन उघडलं त्या सकाळी मला आणि चाचांनाही बोलावलं होतं. आम्ही इस्त्रीचे कपडे घालून भिंतीला टेकून उभे होतो. दार उघडलं आणि मुलं आत आली, आणि मॅडम म्हणाल्या होत्या तस्संच झालं. साठ माणसांना ओलांडून सगळी धावत जहाजाकडे. मॅडमनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. मी खाली बघितलं.

पण जहाजापाशी जाऊन मुलं वाकली. एकेकाने डोकं आत घातलं. नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बराच वेळ वाकून होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर मराठी आडनाव होतं, म्हणून मी मराठीत विचारलं, "काय दिसतंय गं?"

"नथिंग, अंकल," ती म्हणाली. "इट्स ब्लॅक. व्हॉट्स इन देअर?"

मी मॅडमकडे बोट दाखवलं. ती मुलगी त्यांच्याकडे गेली, तिच्यामागे आणखी काही. मॅडमनी त्यांना सरळ उत्तर दिलं नाही. त्यांना घेऊन त्या परत दारापाशी गेल्या, बर्फाजवळ, आणि तिथून चालत चालत सांगायला लागल्या. कॉरिडॉर लांब होता. जहाजापर्यंत परत यायला त्यांना पाऊण तास लागला. पाठीवरून मागे बघणाऱ्या मुलापाशी तर सगळी थांबलीच. एकाने त्याला हात लावला, मग प्रत्येकाने लावला. महिन्याभरात त्या मुलाच्या डोक्यावरचा रंग उडाला आणि मला दोनदा जाऊन तो पुन्हा द्यावा लागला.

मार्चमध्ये ऊन चढायच्या आधी मॅडमनी मुलांना समुद्रावर न्यायचं ठरवलं. त्यांना माझ्या दगडाची गोष्ट चाचांनी सांगितली होती. कंपनीकडून मला एका दिवसासाठी मागून घेतलं. आम्ही तो ओंडका ट्रॉलीवर घालून वाळूत नेला. मी मुलांना फांदीला दगड बांधायला शिकवलं, आडवा वेढा, उभा वेढा, मग गाठ. चाळीस मुलं आळीपाळीने घाव घालत होती. काहींनी दोन घावांत सोडून दिलं आणि शिंपले वेचायला गेली. काहींना जेवायला बोलावलं तरी ती उठेनात. समुद्र संथ होता, काचेसारखा, आणि दूरवर तेलाची जहाजं एका जागी टांगल्यासारखी उभी होती. त्या ठकठक आवाजात मला पेंग यायला लागली. मॅडम शेजारी वाळूत बसल्या होत्या, चपला काढून.

"तुमच्या वडिलांना राग आला का, कापल्याचा?" त्यांनी विचारलं.

"नाही. ते आता घरी एक होडी करतायत. लहान. शेजाऱ्याच्या नातवासाठी."

"बरं झालं."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "जूनमध्ये माझं इथलं काम संपतंय. आईकडे जाईन."

मी विचारलं, परत येणार का. त्या म्हणाल्या, बहुतेक नाही. मग एका मुलीचा दगड सुटून पायावर पडला, ती रडायला लागली आणि आम्ही दोघंही उठलो.

दुपारपर्यंत ओंडक्यात एका मुलाचे दोन्ही पाय राहतील एवढी पोकळी झाली. त्याची होडी व्हायला अजून वर्ष लागलं असतं. परत न्यायला तो जड होता, ट्रॉलीचं चाकही वाळूत मोडलं, म्हणून तिथेच भरतीच्या रेघेच्या वर ठेवून दिला. जूनमध्ये मॅडम गेल्या. निरोप घ्यायला शाळेत गेलो तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या, आणि मी माझ्या भाषेत म्हणालो, सुखरूप जा. अर्थ विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.

आता मी एगैलात एका मॉलमधल्या दुकानाचं काम करतो. परवा शुक्रवारी चाचांबरोबर फिंतासला समुद्रावर फिरायला गेलो होतो. मुलांनी कोरलेला तो ओंडका तिथल्या मच्छीमारांनी उचलून कामाला घेतला होता. एक होडी ते पाण्यातून वर ओढत होते, तिच्या कण्याखाली तो रुळासारखा आडवा घातला होता, खळग्याची बाजू वर. होडी त्याच्यावर चढून अडकली. चाचांनी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, मीही केली, आणि आम्ही दोघं मागून जोर लावायला पाण्यात उतरलो.